एक मोठी डिस्क नको, साध्या दोन घ्या

प्रश्न: मी चिपळूणची निवृत्त शिक्षिका. माझ्या यजमानांनी पंचवीस वर्षं आमच्या भागातल्या नमन-खेळ्यांचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, चित्रीकरण केलं. ते आता नाहीत. त्यांचं बहुतेक काम १ टीबीच्या एका जुन्या हार्ड डिस्कवर आहे, ती साधारण ७०० जीबी भरलेली आहे. अलीकडे ती लावली की मधूनच टिक टिक आवाज येतो आणि लॅपटॉप थोडा वेळ अडकतो. लॅपटॉपवर आणखी ३०० जीबी फोटो आणि व्हिडिओ आहेत, कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांवर शंभरेक जीबी, शिवाय ट्रंकेत तीसेक मिनी-डीव्ही कॅसेटी. २०२१ च्या पुरात घरातले सगळे अल्बम गेले, निदान हे तरी राहावं असं वाटतं. दुकानदार म्हणतो, २ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा थोडे पैसे जास्त घालून १ टीबीची एसएसडी घ्या, ती कधी बिघडतच नाही. भाचा म्हणतो, एकदाच ४ टीबीची घेऊन टाक. मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे मॅकबुक आहे. ती म्हणते, सगळं क्लाउडवर टाक. आणि इंटरनेटवर तर १६ टीबीची एसएसडी दोन हजारांत दिसते. कोणती घेऊ? आणि नव्या डिस्कवर सगळं हलवलं की लॅपटॉप मोकळा करता येईल ना?

उत्तर:

नमस्कार बाई,

डिस्क कोणती घ्यायची ते सांगतोच, पण आधी एक कळकळीची विनंती. नवी डिस्क घरात येईपर्यंत ती जुनी डिस्क लॅपटॉपला लावू नका. ‘अजून चालते का बघू’ म्हणूनसुद्धा नको. हार्ड डिस्क टिकटिकते आणि अडकते, तेव्हा बहुधा तिला एखादा भाग वाचता येत नसतो आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असते. तिच्यात जी काही धुगधुगी उरली असेल ती एकाच कामासाठी राखून ठेवायची: यजमानांचं काम सुखरूप बाहेर काढण्यासाठी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. नव्या डिस्कवर सगळं हलवून लॅपटॉप मोकळा केलात, तर तुमच्याकडे पुन्हा एकच प्रत उरेल. आज ती जुन्या डिस्कवर अडकली आहे, उद्या नव्या डिस्कवर अडकेल. नवी डिस्कही हातातून पडू शकते, चोरीला जाऊ शकते, पहिल्या महिन्यातच बंद पडू शकते. बॅकअप हा शब्द दुसऱ्या प्रतीसाठी आहे. पहिली प्रत पुसून ती महागड्या डब्यात ठेवली म्हणून तिचा बॅकअप होत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: २ टीबीच्या दोन साध्या पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या. दोन्हींवर तेच सगळं ठेवा आणि त्यातली एक चिपळूणबाहेर राहू द्या. भाचा सुचवतो ती ४ टीबीची एक आणि माझ्या २ टीबीच्या दोन, यांत निवडायचं झालं तर डोळे मिटून दोन घ्या. दोन्हींचे पैसे एकदम काढणं जड जात असेल तर एक आज घ्या आणि दुसरी महिन्या-दोन महिन्यांनी. पण दुसरी येऊन भरेपर्यंत लॅपटॉपवरून किंवा कार्डांवरून एकही फाइल पुसायची नाही.

२ टीबी पुरेल का, तर पुरेल. जुन्या डिस्कवरचे ७००, लॅपटॉपचे ३०० आणि कार्डांचे १०० मिळून ११०० जीबी झाले. मिनी-डीव्हीची एका तासाची कॅसेट मूळ दर्जात संगणकावर घेतली तर सुमारे १३ जीबी होते, म्हणजे तीस कॅसेटींचे चारशेच्या आसपास. एकूण दीड टीबी. डिस्क लावल्यावर विंडोज तिची क्षमता १.८१ टीबी दाखवेल, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. यापुढे कोणी फोनवर फोर-के मध्ये चित्रीकरण करणार असेल तर मात्र हिशेब बदलतो. तिथे मिनिटाला पावणेदोनशे ते चारशे एमबी सहज लागतात आणि तीन तासांच्या खेळाला तीस ते सत्तर जीबी जातात. तसं होणार असेल आणि ऐपत असेल, तर ४ टीबीच्या दोन. आकडा कोणताही असो, डिस्क दोनच.

दुकानदाराची १ टीबीची एसएसडी तुमच्या बाबतीत मोजमापातच बसत नाही. तिच्यात ९३१ जीबी मावतात, तुमच्याकडे अकराशे आहेत. तरी ‘ती कधी बिघडतच नाही’ हे वाक्य अनेक दुकानांत ऐकू येतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या गरागरा फिरत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. चालू असताना ती टेबलावरून पडली तर हे टोक तबकडीला घासतं आणि खेळ संपतो. एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे धक्क्याच्या बाबतीत ती नक्कीच सरस. वेगातही तुलना नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, चांगली एसएसडी हजारच्या आसपास जाते. जो माणूस रोज पिशवीत डिस्क घेऊन फिरतो आणि तिच्यावरूनच थेट व्हिडिओ संपादन करतो, त्याला मी एसएसडीच घ्यायला सांगेन.

पण एसएसडीही मरते, आणि बरेचदा काहीही न सांगता मरते. हार्ड डिस्क निदान टिकटिकते, मंदावते, आपल्याला सावध व्हायला वेळ देते. तुमची आत्ता तेच करते आहे. एसएसडी काल चालत होती आणि आज लॅपटॉपला दिसतच नाही, असं होतं. मग तिच्यातली माहिती परत मिळवणं बहुतेक वेळा हार्ड डिस्कपेक्षा अवघड जातं. शिवाय एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवते आणि तो भार वीज नसताना हळूहळू ओसरतो. जेडेक या मानकसंस्थेची घरगुती एसएसडीसाठीची अट एवढीच आहे की, लिहिण्याची मर्यादा वापरून संपलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकवते हे खरं, पण भरायची, कपाटात ठेवायची आणि वर्षातून दोनदा बाहेर काढायची, या तुमच्या वापराला हार्ड डिस्क जास्त साजते. त्याच क्षमतेला ती स्वस्तही पडते. वाचलेल्या पैशांत दुसरी डिस्क येते, आणि मला तेच हवं आहे.

हार्ड डिस्कचा एक स्वभाव आधीच माहीत असू द्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. आजच्या २ टीबी आणि त्यावरच्या बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या घराच्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवून लिहिलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे होतं. सुरुवातीला भराभर लिहिणारी डिस्क शे-दोनशे जीबीनंतर अचानक मंदावते, कधी मिनिटभर थांबल्यासारखी वाटते. पहिल्यांदा सगळं भरताना असं झालं तर तो बिघाड समजू नका आणि केबल उपटू नका. रात्री लावा, सकाळी बघा. लॅपटॉप मात्र चार्जरला जोडलेला असू द्या आणि झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही अशी सोय करून ठेवा.

आता दुकानात. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर दुसरं नाव असलं तरी आतली डिस्क या तिघांपैकीच कोणाची तरी असते. अमुक कंपनीची कधी जात नाही आणि तमुकची जातेच, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी त्या वादात पडत नाही. तुमच्या दोन डिस्क दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या दोन डिस्क एकाच वेळी जाण्याचा धोका उरणार नाही. खोकं सीलबंद हवं, बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी दिसते का ते तिथेच बघा. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतली माहिती मिळत नाही. चित्रीकरणाची वॉरंटी कोणीच देत नाही.

‘कंपनीचीच आहे, फक्त खोकं नाही’ म्हणून कोणी स्वस्तात देऊ लागलं तर घेऊ नका. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या डिस्क नव्या केसिंगमध्ये घालून विकल्या जातात. हे पकडायला सोपं आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या. डिस्क आजवर किती तास चालली आहे ते त्यात दिसतं, आणि नव्या डिस्कचा हा आकडा शून्याच्या आसपासच असायला हवा. ॲडॉप्टर लागणारी, टेबलावर ठेवायची मोठी डिस्कही नको. वेगळी वीज लागते, जड असते, आणि आपली डिस्क वर्षातून दोनदा प्रवास करणार आहे.

खोक्यावर यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं काहीही लिहिलेलं असलं तरी ते एकच आहे. हार्ड डिस्कला तेवढा वेग पुरून उरतो. लॅपटॉपचं पोर्ट मात्र नीट निवडा. बऱ्याच लॅपटॉपांत ३.० चं पोर्ट आतून निळं असतं. जुन्या २.० च्या पोर्टला डिस्क लावलीत तर अकराशे जीबीला नऊ तास लागतील, तेच काम ३.० वर तीनेक तासांत होऊ शकतं.

नवी डिस्क आणलीत की जुनीकडे वळू या. मनगट टेकवून शांतपणे करायचं हे काम आहे.

जुनी डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि काम होईपर्यंत हलवू नका. मध्ये हब नको, थेट लॅपटॉपचं पोर्ट वापरा आणि शक्य असेल तर केबल नवी, आखूड घ्या. कधी कधी टिकटिक नुसती वीज कमी पडल्यामुळेही होते. २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० कडून ९०० मिलिअँपिअर प्रवाह अपेक्षित असतो, आणि खराब केबलमुळे तोही पुरा पोचत नाही. तुमच्या बाबतीत एवढंच निघालं तर सोन्याहून पिवळं. पण गृहीत धरू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची प्रकृती निळी दिसते की पिवळी की लाल, ते एकदा बघा. ०५, सी५ आणि सी६ या ओळींसमोर ‘रॉ व्हॅल्यूज’च्या रकान्यात शून्याखेरीज काही दिसलं तर डिस्कचे भाग खराब व्हायला लागले आहेत हे नक्की. निळा रंग दिसला तरी निर्धास्त होऊ नका, कॉपी करायचीच आहे.

कॉपी करताना सगळं एकदम निवडू नका. जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी घ्या. तुम्हालाच माहीत असेल की कोणत्या मंडळाचा खेळ आता होत नाही, कोणते मृदंगवाले गेले, कोणाचं संकासुराचं सोंग पुन्हा दिसणार नाही. ते फोल्डर पहिले. घरगुती सहली नंतर. एखाद्या फाइलवर डिस्क अडकली तर ती फाइल सोडून पुढे जा. त्याच फाइलवर दहा वेळा प्रयत्न केलात तर बाकीच्या फाइली धोक्यात येतात. विंडोजने ‘डिस्कमध्ये चूक आहे, दुरुस्त करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. ती दुरुस्ती फाइल-व्यवस्थेची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे त्या यादीची असते, तुमच्या चित्रीकरणाची नव्हे, आणि आजारी डिस्कवर तिच्यामुळे उरलंसुरलंही जाऊ शकतं. डीफ्रॅग, फॉरमॅट हे शब्द तर या डिस्कच्या जवळपासही नकोत.

टिकटिक वाढली, किंवा डिस्क दिसेनाशी झाली, तर तिथेच थांबा. फ्रीजमध्ये ठेवणं, हलकेच आपटणं, झाकण उघडून बघणं, हे सगळे उपाय इंटरनेटवर सापडतील. यांतल्या प्रत्येकाने डिस्कचा शेवट जवळ येतो. उघडी डिस्क हाताळायला धूळविरहित खोली लागते. पुण्या-मुंबईत माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्या महाग आहेत, पण आधी तपासून अंदाज देतात. पंचवीस वर्षांच्या चित्रीकरणासाठी तो खर्च करायचा की नाही हे तुम्ही मुलीशी बोलून ठरवा. मात्र तिथे जाण्याआधी गल्लीतल्या तीन जणांनी हात लावलेला नसावा.

दुसरी डिस्क चिपळूणबाहेर का, हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते तुम्ही पाहिलं आहे. दोन डिस्क एकाच कपाटात असतील तर पाण्याला त्या एकच आहेत. चोरालाही, आगीलाही. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ असा एक नियम जगभर पाळतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुम्हाला तो तंतोतंत जमला नाही तरी त्यातला शेवटचा एक सोडू नका.

मुलगी गणपतीला आणि शिमग्याला घरी येत असेलच. तेच वेळापत्रक ठेवा. ती येताना पुण्याची डिस्क घेऊन येईल, त्या दोन दिवसांत चिपळूणच्या डिस्कवरचं नवीन तिच्यावर चढवायचं, आणि परत जाताना तीच डिस्क किंवा दुसरी घेऊन जायचं. आलटून पालटून नेलीत तर दोन्ही डिस्क वर्षातून निदान एकदा तुमच्या हाताखालून जातील आणि चालतात की नाही ते कळत राहील. शिमग्यातलं नवं चित्रीकरण ती परत जाण्याआधीच दोन्हींवर गेलेलं असावं. त्यानंतर काही नवीन झालं तर ते घरच्या डिस्कवर घ्या, आणि ज्या मेमरी कार्डावर ते आहे ते गणपतीपर्यंत पुसू नका. कार्डं आता स्वस्त आहेत, एखादं जास्तीचं घेऊन ठेवा.

एरवी डिस्क लॅपटॉपला लावून ठेवायची नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले होते. असे प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही सोडत नाहीत. काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. काढताना आधी विंडोजमधून ‘इजेक्ट’ करा, मग केबल ओढा.

कोकणातल्या दमट हवेचंही बघायला हवं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पावसाळा संपला की पुड्या बदलायच्या. डब्यात केबलही त्याच डिस्कची ठेवा. या डिस्कची रुंद, दोन भागांची केबल ऐनवेळी बाजारात शोधत बसावी लागते.

मुलीच्या मॅकबुकमुळे डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा असं कोणी तरी सुचवेल, कारण ती पद्धत दोन्हीकडे चालते. मी दोन्ही डिस्क विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्याच ठेवायला सांगेन. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे मध्येच केबल निघाली किंवा वीज गेली तर फाइलींची अख्खी यादीच बिघडण्याचा धोका जास्त. मॅकला एनटीएफएस डिस्क वाचता येते, फक्त तिच्यावर लिहिता येत नाही. पुण्याच्या डिस्ककडून आपल्याला तेच हवं आहे! मुलगी बघू शकेल, हवं ते स्वतःकडे उतरवून घेऊ शकेल, पण चुकून काही पुसलं जाणार नाही. नवी डिस्क कोणत्या पद्धतीची आली आहे ते तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसेल. बदलायची असेल तर रिकामी असतानाच बदला.

पासवर्डची सोय असलेल्या डिस्क मिळतात. त्यांचा मोह नको. पासवर्ड हरवला तर चित्रीकरण कायमचं गेलं, आणि नमन-खेळे काही गुपित नाहीत. बँकेची, आधारची कागदपत्रं मात्र या डिस्कवर टाकू नका, म्हणजे ती कोणाच्या हाती लागली तरी चिंता नाही. डिस्कसोबत येणारं कंपनीचं बॅकअप सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. टेराकॉपी हे साधं सॉफ्टवेअर कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइली जुळतात का ते तपासून सांगतं, तुम्हाला तेवढं पुरे. ‘मिरर’ किंवा ‘सिंक’ नावाची बटणं समजल्याशिवाय दाबू नका. इकडे चुकून पुसलेलं ती तिकडेही पुसतात.

कॉपी झाली की प्रत्येक फोल्डरमधले दोन-चार व्हिडिओ उघडून मधूनमधून चालवून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही. आणि बाई, हे करताना एक वही जवळ ठेवा. गाव, मंडळ, साल, सोंगात कोण, मृदंगावर कोण, हे लिहून काढा आणि तीच यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन्ही डिस्कवर ठेवा. डिस्क बदलता येईल, पण मुखवट्यामागचा माणूस कोण होता हे सांगणारं आता तुमच्याशिवाय कोण आहे?

क्लाउडबद्दल मुलीचं म्हणणं चुकीचं नाही, पण तिला हा हिशेब दाखवा. तुमच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर अकराशे जीबी चढायला रात्रंदिवस दहा दिवस लागतील. गुगलवर फुकट जागा १५ जीबी मिळते. फोटोंसाठीची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. मोठ्या जागेचं भाडं दर वर्षी भरत राहावं लागेल, तेही तुमच्यानंतर कोणीतरी. म्हणून क्लाउडवर वेचक पन्नास-शंभर जीबी ठेवा, सगळ्यात दुर्मीळ खेळ तेवढे. ती तुमची तिसरी प्रत. यूट्यूबवर टाकलेलं मात्र प्रत म्हणून मोजू नका, तिथे व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि मूळ दर्जा परत मिळत नाही.

ती दोन हजारांची १६ टीबीची एसएसडी खोटी आहे. खऱ्या १ टीबीलाही त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. आत बहुधा एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि संगणकाला १६ टीबी सांगण्याची चलाखी केलेली असते. फाइली जातात, नावं दिसतात, जागा संपली की नवीन माहिती जुनीवर लिहिली जाते, आणि महिन्यांनी उघडायला जावं तेव्हा व्हिडिओ चालत नाहीत. कोणी आधीच घेतली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतं. परतीची मुदत आहे तोवर तपासा आणि पैसे परत मागा.

राहिल्या कॅसेटी. डिस्कांची घडी बसली की त्या लगेच हाती घ्या. फितीला बुरशी धरते, आणि त्या वाचणारे चालू स्थितीतले कॅमेरे वर्षागणिक कमी होत आहेत. ट्रंकेतून काढून उजेडात बघा. फितीवर पांढरट जाळी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालू नका, कॅमेऱ्याचं फीत वाचणारं हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटीही जातील. अशा वेगळ्या बांधून ठेवा. यजमानांचा कॅमेरा अजून चालत असेल तर तो कोणाला देऊन टाकू नका. ज्याच्याकडून रूपांतर करून घ्याल त्याला पैसे ठरवण्याआधीच विचारा: फायरवायरने (कॅमेऱ्यातून संगणकात थेट उतरवणाऱ्या केबलने) घेतलेली मूळ डीव्ही फाइल देणार का? तासाला १३ जीबीच्या आसपास भरली तर ती मूळ. त्याने नुसती डीव्हीडी किंवा एक-दोन जीबीची एमपीफोर हातावर ठेवली तर घेऊ नका, दुसऱ्याकडे जा. आणि कॅसेटी त्याच्याकडे एकदम तीस देऊ नका. आधी पाच द्या, त्या परत आल्या आणि दोन्ही डिस्कवर चढल्या की पुढच्या पाच.